मॅच खाली, फिनाले वर

रिअ‍ॅलिटी शो एकट्याने बघायचाच नसतो असं माझं पक्कं मत आहे. सिनेमा एकट्याने बघता येतो, उलट काही सिनेमे तर एकट्यानेच नीट कळतात, पण बिग बॉस मोबाईलवर इअरफोन घालून बघायला लागलं की भांडी कोणी घासायची यावरून दहा-बारा अनोळखी माणसं भांडतायत एवढंच उरतं. शेजारी बसलेल्याला "बघ, आता ही रडणार" म्हणायचं आणि त्याने "गप गं, तिचं बरोबर आहे" म्हणून आपल्यावर खेकसायचं, तिथे तो शो सुरू होतो. सगळा खेळ बाजू घेण्यावर उभा आहे ना. आत बसलेले एकमेकांना नॉमिनेट करतात, बाहेर आपण वोट करतो, आणि बाजू घ्यायची तर दुसऱ्या बाजूचं कोणीतरी खोलीत पाहिजेच.

बिग बॉस मराठीचा २०२४ चा पाचवा सीझन इथे इंदूरमधल्या आमच्या ग्रुपने असाच बघितला, म्हणजे खरं तर व्हॉट्सअ‍ॅपवर बघितला, प्रत्येकजण आपापल्या घरी आणि रात्री नऊला कलर्स मराठीवर सुरू झालं की फोनवर मेसेजचा पाऊस. २८ जुलैला सुरू झालेला तो सीझन. महेश मांजरेकरांच्या चार सीझननंतर पहिल्यांदाच रितेश देशमुख होस्ट म्हणून आला होता, आणि त्याचा शनिवार-रविवारचा भाग, भाऊचा धक्का, आम्ही कधी चुकवला नाही. पण टाइप करून भांडण्यात काय मजा, तुम्ही उत्तर लिहीपर्यंत तिकडे टास्क संपलेला असतो. शंभर दिवस चालणार म्हणून सुरू झालेला शो सत्तर दिवसांतच आटोपणार हे कळलं, फिनाले ६ ऑक्टोबरला, रविवारी, आणि तेव्हा केतकीने ग्रुपवर लिहिलं की फिनाले तरी एकत्र बघू या यार, कुठेतरी बाहेर, मोठ्या स्क्रीनवर.

बाहेर का, हा प्रश्न लगेच आला. कोणाच्या तरी घरी का नाही? सौरभचा फ्लॅट निपानियाला, हॉल मोठा, टीव्ही मोठा, बायको हौशी. तो लगेच म्हणाला माझ्याकडे या. आणि शुभदा वहिनी, म्हणजे त्याचीच बायको, तिने त्याच्याच मेसेजखाली लिहिलं, "नाही. मला बघायचंय."

एवढं एकच वाक्य, पण ग्रुपमधल्या सगळ्या बायकांना ते लगेच कळलं. ज्यांच्या घरी वीस माणसं येतात त्या घरातली बाई फिनाले बघत नाही, ती फिनाले ऐकते. मला २००९ चा फेब्रुवारी आठवतो. झी मराठीवर सारेगमप लिटिल चॅम्प्सची महाअंतिम फेरी होती, आम्ही तेव्हा लोकमान्य नगरात राहायचो, आणि शेजारच्या काकूंकडे अर्धी गल्ली जमली होती. पंचरत्नांमधलं कोण जिंकणार, आर्या की प्रथमेश की रोहित की कार्तिकी, मुग्धा तर सगळ्यांचीच लाडकी, महिनाभर दुसरा विषय नव्हता. आणि ज्या क्षणी पल्लवी जोशी नाव सांगणार त्या क्षणी काकू आत बटाटेवडे तळत होत्या. बाहेर आरडाओरडा झाला, कार्तिकी गायकवाड जिंकली, आणि काकू हातात झारा घेऊन दारात येऊन विचारतायत, "कोण? कोण जिंकलं?" कोणी लगेच सांगितलंसुद्धा नाही, सगळे टीव्हीकडे बघत होते. सबंध सीझन एक एपिसोड न चुकवलेली बाई ती. त्या दिवशी त्यांचे वडे सगळ्यांनी वाखाणले, पण तो क्षण त्यांचा राहून गेला तो गेलाच, रिपीट टेलिकास्टमध्ये तो मिळत नाही.

म्हणून बाहेर. जिथे कोणीच यजमान नाही, चहा कोणी टाकायचा नाही, उठायचं कोणाला नाही, असं ठिकाण. आता असं ठिकाण म्हणजे काय तर हॉटेल, आणि मोठी स्क्रीन असलेलं हॉटेल म्हणजे आजच्या इंदूरमध्ये बार.

इथे थोडं इंदूरबद्दल सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटेल यात शोधायचं काय. इंदूरमध्ये मराठी माणसं काही कमी नाहीत, होळकरांचं गाव आहे हे, रामबाग, तिलकनगर, सुदामानगर, राजेंद्रनगर, कुठेही जा, पाट्यांवर आडनावं दिसतील. सानंद या संस्थेची नाटकं असतात, खंडवा रोडवर विद्यापीठाच्या सभागृहात एकाच नाटकाचे वेगवेगळ्या गटांसाठी लागोपाठ प्रयोग होतात आणि भरतात. गाण्याच्या बैठकी होतात, व्याख्यानं होतात, गणपतीत तर विचारूच नका. पण या सगळ्या ठिकाणी रांगेत खुर्च्या असतात आणि प्रेक्षकांनी शांत बसायचं असतं. मराठीत मोठ्याने बोलायला, टेबलावर हात आपटून "अरे काय बोलतोय हा!" म्हणायला जागा म्हणजे घर. बाहेर पडलं की आपण आपोआप हिंदीवर येतो, दोघे मराठी असलो तरी, वेटर आला की हिंदी, रिक्षात हिंदी, आणि हळूहळू टेबलावरचं आपापसातलं बोलणंही हिंदीच होऊन बसतं. त्याचं मला वाईट वाटतं असं नाही, हिंदीही आमचीच आहे, जन्मल्यापासून कानावर आहे, पण एखाद्या संध्याकाळी सार्वजनिक ठिकाणी टीव्ही मराठीत चालू असावा आणि त्याच्यावर आपण मराठीत भांडावं ही इच्छा मला खूप मनापासून होती.

अमेरिकेत बारमध्ये जमून असे शो बघायची पद्धत चांगलीच रुळलेली आहे. २००० साली तिकडच्या सर्व्हायव्हर या रिअ‍ॅलिटी शोची पहिली फिनाले पाच कोटींहून जास्त लोकांनी बघितली होती, आणि आता २०२५ च्या उन्हाळ्यात तर लव्ह आयलंड बघायला न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसच्या बारमध्ये गर्दी होत होती, जिथे एरवी फुटबॉल-बास्केटबॉल लावतात तिथे कोण कोणाशी जोडी जमवणार हे बघायला पोरी घोळक्याने येत होत्या. कारण साधं आहे, शो आठवड्यातून अनेक दिवस, प्रत्येकजण शहरात एकटं राहणारं, मग चला बारमध्ये. आपल्याकडे बारचा टीव्ही म्हणजे क्रिकेट, एवढंच समीकरण आहे.

आणि क्रिकेटनेच घोळ केला. ६ ऑक्टोबरला संध्याकाळी भारत-बांगलादेश पहिली टी-ट्वेंटी होती, आणि कुठे, तर ग्वाल्हेरला! २०१० मध्ये सचिनने रूपसिंह स्टेडियमवर पुरुषांच्या वन-डेतली पहिली डबल सेंच्युरी ठोकली, त्यानंतर चौदा वर्षांनी ग्वाल्हेरला आंतरराष्ट्रीय मॅच येत होती, तीही नव्या कोऱ्या स्टेडियमवर. विजयनगरच्या एका स्पोर्ट्स बारमध्ये आम्ही विचारायला गेलो तर मॅनेजर अक्षरशः दुखावल्यासारखा झाला, "मॅडम, अपने एमपी में मैच है, उस दिन कुछ और कैसे लगा दें?" त्याचं म्हणणं मला पटलं. आपल्या राज्यात एवढ्या वर्षांनी मॅच येते आणि त्याच्या गिऱ्हाइकांना ती दिसू नये असं मी म्हणणार नाही. मी एवढंच विचारलं की भिंतीवर इतक्या स्क्रीन आहेत, कोपऱ्यातली एक आम्हाला द्या. तो म्हणाला स्क्रीन देतो, आवाज देता येणार नाही.

आणि ही गोष्ट मला तिथे उभ्या उभ्या कळली, ती मी कोणालाही सांगेन ज्याला असं काही करायचंय: बारमध्ये स्क्रीन मागू नका, आवाज मागा. क्रिकेट आवाजाशिवाय चालतं. स्कोअर खाली लिहिलेला असतो, आऊट झाला की बोट वर जातं, सिक्स गेला की दिसतोच, कॉमेंट्रीच्या जागी पंजाबी गाणी वाजली तरी कोणाचं काही बिघडत नाही. बिग बॉसमध्ये सगळं बोलण्यात आहे. कोण काय बोललं, कुठल्या सुरात बोललं, कोणाचा आवाज चढला, कोण मध्येच गप्प झालं, आवाज काढून टाका, सोफ्यावर बसलेली माणसं उरतात. म्हणजे आम्हाला अशी जागा हवी होती जिथे डीजे नाही, गाणी बंद करायला कोणाची हरकत नाही आणि टीव्हीचा आवाज हॉलभर ऐकू येईल. असे बार रविवारी संध्याकाळी फार कमी.

ए. बी. रोडवरच्या एका रूफटॉपवर प्रोजेक्टर होता, पण तिथे हवा अशी की पडदाच फडफडत होता आणि ऑक्टोबरमध्ये साडेपाच-सहापर्यंत उजेडात प्रोजेक्टरवर काही दिसत नाही. बायपासवर एकाने हो म्हटलं पण माणशी मिनिमम बिलिंग एवढं सांगितलं की ग्रुपमधली निम्मी पोरं गळाली असती. आणखी एक जागा होती, तिथली गोष्ट सांगण्यासारखी नाही, सिगरेटच्या धुरात बसवलं नसतं.

आणि नवरात्र! ३ तारखेला घट बसले होते. ग्रुपमधल्या अर्ध्या जणींचा उपास, बाकीच्यांच्या घरी कांदा-लसूण बंद, दारूचं तर नावच नको. आम्हाला वाटलं यामुळे सगळं फिसकटणार, नवरात्रात बारमध्ये कोण येईल, पण झालं उलटंच. त्या नऊ दिवसांत बारवाल्यांचा धंदा बसलेला असतो, लोक गरब्याला जातात, त्यामुळे जे फक्त स्पोर्ट्स बार नाहीत, जे आपले जुने फॅमिली रेस्टॉरंट अँड बार आहेत, खाली बार आणि वर फॅमिली हॉल असा प्रकार, त्यांच्याकडे वरचा हॉल रिकामा होता. पलासियाच्या बाजूला असाच एक सापडला. वरती किटी पार्ट्यांसाठी हॉल, भिंतीवर चांगला मोठा टीव्ही आणि अनाउन्समेंटसाठी लावलेले दोन स्पीकर. मॅनेजर बोलका माणूस. बिग बॉस म्हटल्यावर त्याचा चेहराच खुलला, "भाई तो इंदौर के हैं!" सलमान खान जन्मला इंदूरला, १९६५ साली, हे इथल्या कोणाला विसरता येत नाही. मग मी त्याला सांगितलं हा सलमानवाला नाही, मराठीवाला आहे. तो म्हणाला, "मराठी में भी आता है?" विचारण्यात कुत्सितपणा काही नव्हता, खरंच नवल वाटलं होतं त्याला. मी त्याला पहिल्या सीझनपासून सांगायला लागले, २०१८ मध्ये मेघा धाडे जिंकली, मग अमरावतीचा शिव ठाकरे, तोच शिव जो नंतर तुमच्या हिंदीत येऊन फायनलपर्यंत गेला. "अच्छा वो शिव! वो तो बढ़िया लड़का था." झालं, हॉल आमचा.

आता चॅनल. त्यांच्या सेट टॉप बॉक्सवर न्यूज होतं, स्पोर्ट्स होतं, हिंदी सगळं होतं, कलर्स मराठी नव्हतं. सौरभ म्हणाला माझ्या फोनवरून जिओ सिनेमा कास्ट करतो. मी नको म्हटलं, आणि दोन कारणांसाठी म्हटलं. एक तर अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन आपल्या घरगुती वापराचं असतं, ते हॉटेलच्या भिंतीवर चालवणं बरोबर नाही. आणि दुसरं म्हणजे अ‍ॅप डिशच्या मागे चालतं, थोडंसंच, पण तेवढ्यात पुण्याच्या मामेबहिणीचा फोनवर "जिंकलाऽऽऽ" आला की संपलं सगळं. २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाने चॅनल सुटा घेता येतो, अख्खं पॅकेज घ्यायला लागत नाही, हे त्या मॅनेजरला माहीतच होतं, त्याने केबलवाल्याला फोन लावला आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या हॉटेलच्या कनेक्शनवर चॅनल सुरू झाला. मला फोटो पाठवला त्याने टीव्हीचा. कुठल्यातरी मराठी सिरियलमध्ये कोणीतरी देवापुढे हात जोडून उभं होतं आणि खाली काउंटरवर बाटल्यांची रांग. तो फोटो मी ग्रुपवर टाकला.

मग सुलूआत्यांचा फोन आला. केतकीची आत्या, रामबागेत राहतात, शाळेतून रिटायर झाल्या त्याला बरीच वर्षं झाली. "मला कळलंय तुम्ही कुठेतरी जाताय. मला पण न्या." मी म्हटलं आत्या, बार आहे हो तो, म्हणजे वरती फॅमिली हॉल आहे पण पाटीवर बारच लिहिलंय. त्या म्हणाल्या, "बार तर बार. खुर्चीला पाठ असली म्हणजे झालं." घरी मुलगा-सून हिंदी बघतात, नातवंडं फोनवर, आत्या स्वयंपाकघरातल्या छोट्या टीव्हीवर पोळ्या लाटता लाटता सबंध सीझन बघत होत्या, आणि बोलायला कोणी नव्हतं. ज्या सीझनबद्दल आम्ही रोज शंभर मेसेज टाकत होतो त्याच्याबद्दल त्यांनी सत्तर दिवसांत कोणाशी चार वाक्यं बोलली नव्हती. सुनेने नंतर केतकीला विचारलं म्हणे की आत्यांना बारमध्ये कशाला नेता, लोक काय म्हणतील. आत्यांनीच उत्तर दिलं, "लोकांना सांग मी अभिजीत सावंतला हरवायला चाललेय."

कारण आत्या सूरजच्या बाजूच्या, कट्टर. आणि मी अभिजीतची. २००५ मध्ये पहिल्या इंडियन आयडॉलला मी शाळेत होते, बाबांचा फोन चोरून एसएमएस करायचे, तो जिंकला तेव्हा आम्हाला वाटलं आपणच जिंकलो. एकोणीस वर्षांनी तोच माणूस एवढा शांतपणे, कोणाला शिवी न घालता, त्या घरात राहून फायनलला पोचला होता. माझं त्याच्याबद्दलचं प्रेम अजूनही तसंच आहे. पण आत्यांचं म्हणणं वेगळं होतं. सूरज चव्हाण, बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा पोरगा, लहानपणीच आई-बाप गेले, बहिणींनी सांभाळला, शिक्षण जेमतेम, रील करून माहीत झालेला, घरात आला तेव्हा टास्कचा कागद वाचताना अडखळायचा. "अरे," आत्या म्हणाल्या, "मी जन्मभर अशाच पोरांना शिकवलं. वर्गात मागे बसतात. एकदा तरी त्यातल्या एकाला पहिला येऊ दे की."

संध्याकाळी आम्ही वीस-बावीस जण झालो असू. खाली मॅच सुरू, ग्वाल्हेरचं नाव आलं की खालून आरोळी, आणि वर आम्ही. मॅनेजरने दार लावून घेतलं आणि स्पीकरवर रितेशचा आवाज आला, मराठीत, हॉलभर. तेव्हा मला जे वाटलं ते मला नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही. नाटकाला गेलं की मराठी ऐकतोच आपण, पण ते तिकीट काढून, सभागृहात, त्याच्यासाठीच बांधलेल्या जागी. ही जागा कोणाचीही होती, काल तिथे कोणाची तरी किटी पार्टी झाली असेल, उद्या कोणाचा वाढदिवस असेल, आणि आज तिथे कोल्हापूरचा धनंजय पोवार आपल्या कोल्हापुरी ठसक्यात बोलतोय, अंकिता वालावलकर मालवणीत काहीतरी बोलून जातेय, आणि शेजारच्या टेबलावर आमच्या इंदुरी मराठीत, अर्ध्या हिंदीत, त्याच्यावर चर्चा चाललीय. आम्ही इकडचे लोक, आमची मराठी होळकरांच्या वेळी इकडे आली आणि इथेच राहिली, कोल्हापूर-मालवण-बारामती आम्हाला पाहुण्यांच्या तोंडून किंवा टीव्हीवरच ऐकायला मिळतं. त्या सीझनचं मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच, की एका घरात इतक्या प्रकारची मराठी होती आणि सगळ्यांना एकमेकांचं कळत होतं.

शुभदा वहिनी पहिल्या रांगेत मधोमध बसली होती. सौरभ मुलाला घेऊन मागे. मुलाला शू आली, भूक लागली, झोप आली, तीन्ही वेळा सौरभ उठला. वहिनीने एकदाही मान वळवली नाही. मला ते बघायला इतकं बरं वाटत होतं की मधेमधे मी टीव्हीऐवजी तिच्याकडेच बघत होते.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर बारच्या हिशोबाने आम्ही अगदीच वाईट गिऱ्हाईक. फ्रेश लाइम सोडा, उपासवाल्यांसाठी फ्रूट प्लेट, चार-पाच जणांनी बिअर घेतली आणि तीही आत्यांसमोर नको म्हणून कोपऱ्यातल्या टेबलावर. आत्यांनी बघितलंच. म्हणाल्या, "इकडे येऊन बसा रे, तिथून दिसत नाहीये तुम्हाला."

खरी चर्चा पेटली ती पैशांच्या बॅगेवर. सहा जण फायनलला, आणि त्यांना पर्याय दिला की पैसे घ्या आणि आत्ताच बाहेर पडा. जान्हवी किल्लेकरने नऊ लाख घेतले आणि निघाली. हॉलमध्ये दोन तट पडले, लगेच. तरुण पोरांचं म्हणणं, सत्तर दिवस कशासाठी राहिलीस मग, शेवटच्या दिवशी माघार! आणि बायकांचं, म्हणजे ज्या घर चालवतात त्या बायकांचं म्हणणं एकदम दुसरं. एका काकूंनी सरळ हिशोबच मांडला: जिंकणाऱ्याला चौदा लाख साठ हजार, सहातला एक जिंकणार, तिला माहितीय आपण जिंकत नाही, मग नऊ लाख समोर ठेवलेत ते सोडून टाळ्या घ्यायच्या का? "घरात पैसा येतो तेव्हा दार उघडायचं असतं." सौरभ म्हणाला काकू, पण मान? काकू म्हणाल्या मान नऊ लाखांत पण असतो. टीव्हीवर पुढचं काहीतरी चालू झालं होतं, कोणाचं लक्ष नव्हतं. हेच, हेच मला घरी मोबाईलवर कधी मिळालं नसतं. जान्हवी गेली हे मी बघितलं असतं आणि पुढे गेले असते. इथे मला माझ्याच ओळखीच्या बायका पैशाबद्दल काय विचार करतात ते पहिल्यांदा ऐकायला मिळालं, आणि त्यांना विचारायला मला आणखी कुठलं निमित्त असतं?

वेटर एक पोरगा होता, विशी-बाविशीचा. सोडा आणून ठेवायचा आणि दाराशी थांबायचा. मला वाटलं बिचाऱ्याला काही कळत नसेल, म्हणून मी हिंदीत समजावायला गेले, ये जो लड़का है ना, गाँव से है… तो म्हणाला, "माहितीय ताई. मी बुऱ्हाणपूरचा. मी पण सूरजलाच वोट दिलं." बुऱ्हाणपूर म्हणजे महाराष्ट्राच्या वेशीवर, पलीकडे लगेच जळगाव. रात्री काम संपल्यावर खोलीवर फोनवर बघायचा तो, सगळे एपिसोड. इथे काम करतो त्याला वर्ष होऊन गेलं, आणि हॉटेलात कोणालाच माहीत नव्हतं की त्याला मराठी येतं, कारण कोणी कधी त्याच्याशी बोललंच नव्हतं मराठीत. आत्यांनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही, ड्यूटीवर होता, पण त्यानंतर खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला आणि आत्या त्याला प्रत्येक गोष्टीवर विचारायला लागल्या, "काय रे, तुला काय वाटतं?"

अंकिता गेली, मग डीपीदादा, म्हणजे धनंजय, मग निक्की तांबोळी. निक्की गेली तेव्हा हॉलमध्ये ज्या टाळ्या वाजल्या त्या मला आवडल्या नाहीत, ती पोरगी भांडली, ओरडली, वर्षा उसगावकरांशी ज्या पद्धतीने बोलली ते मलाही खटकलं होतं, पण सबंध सीझन तिने ओढून नेला, तिच्याशिवाय आम्ही रोज रात्री बोललो कशावर असतो? हे मी तिथे उभं राहून सांगितलं. कोणाला पटलं नाही. माझं मत अजून तेच आहे.

उरले दोघे, सूरज आणि अभिजीत, आणि मग सगळे उभे. फोन आधीच गोळा करून एका टोपलीत ठेवले होते, त्यावर केतकी पहारा देत होती. रितेशने दोघांचे हात धरलेले, आणि आत्यांनी माझा. हात गार पडला होता त्यांचा. सूरजचं नाव आलं आणि आत्या ओरडल्या, शाळेच्या ग्राउंडवर पोचेल असा आवाज, आणि तो वेटर पोरगा ट्रे टेबलावर टाकून नाचायला लागला, झापुक झुपूक, सूरज करतो तसंच, मॅनेजर धावत वर आला काय झालं बघायला आणि दारातच उभा राहिला. मी रडत होते. अभिजीतसाठी रडत होते हे कोणालाच कळलं नाही, सगळ्यांना वाटलं आनंदाने रडतेय, आणि आत्यांनी मला मिठी मारली तेव्हा मला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं कशाने.

मॅच आपण सात विकेटनी जिंकलो, बारा ओव्हरसुद्धा लागल्या नाहीत. ते आम्हाला खाली उतरल्यावर कळलं.

बिल देताना मॅनेजर म्हणाला चॅनल राहू देतो आता, काढत नाही. आत्यांनी त्याला सांगितलं राहू दे, पण स्पीकर डाव्या बाजूचा खरखरतो तो बघून घ्या, आणि पुढच्या वेळी उपासाचं काहीतरी नीट ठेवा, नुसतं पपई नको. तो "जी आंटीजी" म्हणत होता आणि खरंच लिहून घेत होता.

तिथून सगळे सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गेलो, रविवारची रात्र, नवरात्राची गर्दी, गरब्याहून परतलेल्या पोरी घागरे सावरत उभ्या. उपासवाल्यांना साबुदाण्याची खिचडी, बाकीच्यांना भुट्ट्याचा कीस. आणि तिथे मी आत्यांना विचारलंच, की आत्या, गरीब आहे म्हणून वोट द्यायचं का, की खेळला म्हणून? अभिजीत चांगला खेळला नाही का? आत्या म्हणाल्या खेळला की. "पण तो हरला तरी अभिजीत सावंतच राहतो." मी म्हटलं मग ती शिष्यवृत्ती झाली, स्पर्धा कुठे राहिली? केतकी माझ्या बाजूने आली, शुभदा वहिनी आत्यांच्या, त्या हिशोबवाल्या काकू म्हणाल्या दोघांनीही बॅग उचलायला हवी होती, आणि सौरभ झोपलेल्या पोराला खांद्यावर घेऊन कीसवाल्याला अजून दोन प्लेट सांगत होता तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "थांब, शिष्यवृत्ती म्हणालीस ना, आता ऐक," आणि पर्स माझ्या हातात देऊन त्यांनी पदर खोचला.